मामांनी दाखवलेलं लेणं

माझ्या मामेसासऱ्यांइतका वाजवून बघणारा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. श्रीपूरला साखर कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त झाले, पण बोटाच्या पेरानं टकटक करून वस्तूची तब्येत तपासायची सवय काही निवृत्त झाली नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या घरी आले की चहाच्या आधी पाण्याची टाकी वाजवतात, मग फ्रीज, मग भिंत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या खांबाशी वाकून बोल्ट आवळत होते. ‘‘मामा, अक्षता टाका की,’’ म्हटलं, तर म्हणाले, ‘‘मांडव पडला तर कुणावर टाकू?’’ त्यांचं वर्णनही मापातलं. पुतण्याला दाखवलेली मुलगी कशी आहे, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘‘दाराच्या वरच्या कडीला हात पोचंल एवढी. आवाज घट्ट हाय.’’

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले आणि पटांगणभर पोचणारा तिचा आवाज ‘हो’ आणि ‘नको’ एवढ्यावर आला. दिवसदिवस खिडकीपाशी बसून असायची. एकदा तिच्यासमोर बसून मामा म्हणाले, ‘‘विहीणबाई, वेरूळला जाऊ.’’

जन्मभर मुलांना वेरूळ शिकवलं, पण ते बघणं तिला कधी जमलं नव्हतं. मला रागच आला. मामांना बाहेर नेऊन म्हणालो, ‘‘तिला दिसत नाही, मामा. चेष्टा केल्यासारखं होईल.’’

‘‘ठावं हाय की. बघायचं काम मी करतो. त्यांनी फकस्त यायचं.’’

आश्चर्य म्हणजे आई ‘हो’ म्हणाली.

बौद्ध लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात आम्ही शिरलो. कोरीवकामाला हात लावायचा नाही, असं पहारेकऱ्यानं बजावलं, तेव्हा मामांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. त्यांना काय कष्ट पडले असतील ते मीच जाणे. मग ते आईला सांगू लागले. ‘‘दोन्ही अंगाला खांबांची रांग हाय. मदनं आपल्या मांडवाएवढी वाट. समोर बुद्ध बसलाय, पर मांडी घालून न्हाय, खुर्चीवर बसल्यावानी, पाय खाली सोडून. एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट धरलंय. तुमी वर्गात मुद्दा सांगताना धरत असाल की, तसं.’’

‘‘शिकवतोय तो,’’ आई म्हणाली.

‘‘व्हय? आणि छत बघा. दगडच हाय, पर लाकडी वासे घातल्यावानी कोरलंय. वाशांचं काम काय हितं? दगड तर आपसूक उभा ऱ्हातोय.’’

मामांना ते खरंच कळत नव्हतं. फिटरचा प्रश्न होता तो.

आईनं मान छताकडे वळवली. मग सांगू लागली, की आधी असे मंडप लाकडाचे असायचे; कारागीर दगडात कोरू लागले तरी लाकडाची रीत त्यांच्या हातातून सुटली नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला आणि त्या कमानदार छतानं तो घुमवून परत दिला. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, मग हसली. ‘‘केवढं उंच आहे हो हे,’’ म्हणाली. चार अनोळखी माणसंही ऐकत उभी राहिली. मामा खाली फरशीवर बसले आणि एकेक शंका काढत गेले. आई उत्तरं देत होती. मी खांबामागं जाऊन डोळे पुसले.

तिथंच लेणी बंद व्हायची वेळ झाली. परतीच्या वाटेवर, आणि त्यानंतर घरीही, आई बोलतच राहिली. आता गल्लीतली मुलं तिच्याकडे इतिहास शिकायला येतात.

मागच्या महिन्यात श्रीपूरला गेलो. गुडघ्यांनी मामांना आता अंगणापुरतंच ठेवलंय. आभार मानायचे असं ठरवून गेलो होतो, पण आपल्या माणसाचे आभार मानायला जीभ वळत नाही. नुसतंच म्हणालो, ‘‘त्या दिवशी तुमचं कैलास लेणं बघायचं राहिलं, मामा.’’

‘‘ऱ्हायलं खरं. तरणा हुतो तवापास्नं बघायचं हुतं. एवढं देऊळ वरनं खाली कोरत कसं आणलं, ते.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीत? शेजारीच तर होतं.’’

मामांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

‘‘विहीणबाई बोलत हुत्या की,’’ ते म्हणाले. ‘‘मदीच कसं उठायचं?’’