प्लगचे आटे

नवरा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, आणि आमच्या घरची मोपेड मात्र सदानकदा बंद. तो सुट्टीवर आला की ती नीट व्हायची, त्याची पाठ फिरली की महिन्याभरात पुन्हा आडून बसायची. कुंडल गावापासून चार किलोमीटर आत, मळ्यात आमचं घर. सकाळी डेअरीला दूध घालायचं, मुलीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचं, येताना वैरणीचा भारा आणायचा, हे सगळं त्या एका मोपेडवर. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं दुसरं कुणी नव्हतं. गाडी ढकलत कुंडलला न्यायची तर मिस्त्री म्हणायचा, "ठेवून जावा, सांजच्याला बघतो." मग दिवसभर त्याच्या दारात बसायचं, नाहीतर चार किलोमीटर चालत परत यायचं.

एकदा ती भाऱ्यासकट कालव्याच्या पुलावर बंद पडली. कशीबशी घरी आणली आणि रागारागानं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं थंडी होती, तो कानटोपी घालून बसलेला.

"फोन गाडीजवळ ने. किक मार," तो म्हणाला.

मी मारली.

"आजून एकदा. हां. पेट्रोल पोचत न्हाई. कार्बोरेटर खोल."

"मी?"

"मग काय मी येऊ व्हय तिथनं?"

सासरे दारात खुर्चीवर बसले होते. फोन त्यांच्या हातात दिला आणि ते तो गाडीवर धरून बसले. मी एकेक स्क्रू काढून जेवायच्या स्टीलच्या ताटात ओळीनं मांडत गेले, म्हणजे उलट्या क्रमानं परत लावता येतील. ताट भरत आलं तसं सासरे म्हणाले, "सूनबाई, आज वाढलंस खरं, पण आमाला दात न्हाईत." नवरा फोनमधून हसला. मी हसले नाही, पुढचा स्क्रू सोडवत राहिले. शेवटी पितळेचा एक बारीक तुकडा हातात आला, त्याला सुईच्या नाकाएवढं भोक. त्या भोकात कचरा बसला होता. नवऱ्यानं सांगितलं तशी विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून काढली आणि भोकातून फिरवली. सगळं परत जोडेपर्यंत दुपारची जेवणं टळून गेली. तिसऱ्या किकेला मोपेड सुरू झाली.

त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांनी मात्र भावकीत सगळ्यांना सांगितलं.

तिथून पुढं सहा-सात वर्षं मी फोनवरून शिकले. ट्रॅक्टर विकल्यावर रिकामी पडलेली शेड मी झाडून घेतली. सुरुवातीला एक पक्कड, चार पाने आणि सासऱ्यांचा हातोडा एवढंच होतं. मग दर सुट्टीला नवरा एखादं हत्यार आणायचा. ती सगळी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचे, प्लगचं एका डब्यात, ब्रेकचं दुसऱ्या डब्यात. शेजारच्या मळ्यातल्या बायकांना कळलं तशा त्यांच्या स्कूटी येऊ लागल्या. मिस्त्रीच्या दारात परक्या पुरुषांत उभं राहण्यापेक्षा त्यांना आमच्या शेडमध्ये चहा पीत बसणं बरं वाटायचं. ब्रेक, केबल, ऑइल, प्लग, पंक्चर, एवढं मी करायचे. इंजिन मात्र कधी उघडलं नाही. त्याची भीती वाटायची.

मग नवरा पेन्शनवर आला.

तो आला तो लोखंडी पेटी भरून हत्यारं घेऊन. दुसऱ्याच दिवशी त्यानं भिंतीवर प्लायवूडची फळी ठोकली, प्रत्येक पान्याचा आकार तिच्यावर काळ्या रंगानं काढला आणि त्या त्या आकारावर तो तो पाना टांगला. माझे डबे रिकामे करून कोपऱ्यात रचले. "जागा ठरलेली पायजे," तो म्हणाला. "अंधारात हात घातला तरी सापडलं पायजे."

"मला डब्यात सापडत होतंच की," मी म्हणाले.

त्यानं न ऐकल्यासारखं केलं. बायका आल्या की तोच पुढं व्हायचा. गाडीला काय झालंय ते त्या माझ्याकडं बघून सांगायच्या आणि उत्तर तो द्यायचा. मी कपड्यानं पाने पुसत उभी राहायचे. चिडायला तसं कारण नव्हतं. तो मला येतं त्याच्या दहापट शिकलेला होता, आणि मला शिकवलेलंही त्यानंच. तरी मी आतून धुमसत होते. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजायला लागली, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. ऊसतोडीच्या टोळ्या येऊन शिवारात त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या होत्या. उपकेंद्रातल्या नर्सबाई त्यांची स्कूटी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोप्याकोप्यांवर जाऊन लहान मुलांना पोलिओचे डोस पाजायचे होते. गाडी सकाळी लवकर सुरू होत नव्हती, म्हणून मला दाखवायला आल्या होत्या.

"प्लग बदला आणि ऑइल बघा. पाचला येते न्यायला," असं सांगून त्या पायी उपकेंद्राकडं गेल्या.

नवऱ्यानं जुना प्लग काढला. नवा मी त्याच्या हातात दिला, आणि सोबत माझी रबरी नळी. पेट्रोलच्या पाइपाचा वीतभर तुकडा तो. प्लगच्या डोक्यावर ही नळी खोचायची आणि बोटांनी हळूहळू फिरवायचं. प्लग वाकडा बसत असला तर नळी सटकते, मग काढून परत लावायचा. स्कूटीत प्लगची जागा आत, अडचणीत असते. तिथं बोटं पोचत नाहीत.

"हे काय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"राहू दे. मी ट्रकची इंजिनं उतरवल्यात," असं म्हणून त्यानं प्लग सरळ लांब पान्यात धरला, आत घातला आणि दोन आटे फिरवले. करकर असा आवाज आला, दाताखाली वाळू आल्यासारखा.

"थांबा," मी म्हणाले.

तो थांबला नाही. आणखी जोर दिला. मग पाना एकदम हलका झाला आणि प्लग नुसता गोल फिरायला लागला. इंजिनाच्या अॅल्युमिनियममधले आटे गेले होते. त्यानं प्लग बाहेर काढला. त्याच्या आट्यांत चांदीसारखा चुरा अडकला होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मग मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो तो चुरा अंगठ्यानं पुसत होता. त्याचे कान लाल झाले होते. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

"आता?" मी विचारलं.

"इंजिनाचं वरचं हेड काढावं लागंल. लेथ मशीनवर नेऊन भोकात नव्या आट्यांचा बुश मारून आणायचं."

"मी हेड कधी काढलेलं न्हाई."

"ये हिकडं. बस," तो म्हणाला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा इंजिनाच्या आत बघितलं. एकेक वस्तू सोडवायच्या आधी तो मला ती काय करते ते सांगत होता, आणि ते सांगताना त्याचा आवाज फोनवरच्या आवाजासारखा झाला होता. आतल्या दातेरी चाकावरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आणायची, मगच चेन सोडायची, नाहीतर जोडताना दाता चुकतो आणि आतल्या आत मोडतोड होते. चेनीवर खूण करायला काही मिळेना. मी घरात जाऊन मुलीची नेलपॉलिश आणली. गुलाबी ठिपके पडले. त्यानं त्या ठिपक्यांकडं बघितलं आणि मान हलवली. तीन वाजता हेड माझ्या हातात होतं, अर्ध्या नारळाएवढं, खाली काजळी धरलेलं.

त्याची मोटरसायकल मी चालवली. तो मागं पिशवीत हेड धरून बसला. कुंडलच्या बाजारात वळणावर लेथवाल्या चाचांचं दुकान आहे. ब्रेकच्या ड्रमसाठी, वाकलेल्या एक्सेलसाठी मी तिथं नेहमी जाते. चाचांनी चष्मा वर केला.

"काय ताई, आज काय मोडून आणलंत?"

मी हेड पुढं ठेवलं. चाचांनी भोकात करंगळी फिरवली. "कुणी केलं हे? तुमचा हात तर असा नव्हता."

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "मी केलं."

चाचांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "हे कोण?"

"मालक हायत आमचे. फौजेतनं आलेत," मी म्हणाले.

"अस्सं! बसा की साहेब, उभे का?" चाचांनी स्टूल सरकवलं. मग जरा वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, "ट्रकचा हात लय जड असतो. स्कूटीला सोसत न्हाई." नवरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पण बुश बसवायला उद्या दुपार होईल, असं चाचांनी सांगितलं, त्यांच्याकडं आधीची कामं होती.

परत येईपर्यंत पाच वाजून गेले. नर्सबाई शेडच्या दारात उभ्या होत्या आणि उघड्या इंजिनाकडं बघत होत्या. येताना वाटेत मी ठरवलं होतं की सामान मिळालं नाही असं सांगायचं. मी तोंड उघडलं, पण तो माझ्या पुढं गेला.

"बाई, तुमची गाडी मी खराब केली. चूक माझीच हाय. उद्या दुपारी हेड मिळंल, परवा गाडी देतो."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "आवं, पण उद्या सकाळी सातला मला निघायचंय. डोसचा डबा घेऊन मी चालत कुठं कुठं फिरणार?"

"मी हाय की. जितं सांगाल तितं नेतो."

दुसऱ्या दिवशी तो सातच्या आधी इस्त्रीचा शर्ट घालून उपकेंद्रासमोर हजर. नर्सबाई मागं, दोघांच्या मध्ये डोसचा थंड डबा. सहा टोळ्यांच्या कोप्यांवर तो त्यांना घेऊन फिरला. कुठं पाचटावरून, कुठं पाटाच्या बांधावरून. नर्सबाईंनी नंतर मला सांगितलं, की जिथं जातील तिथं लोक विचारायचे, आज फौजी कसा काय बरोबर? आणि तो प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर द्यायचा, "बाईंची गाडी मी मोडली." एका कोपीतलं पोर तोंड उघडेना, तर यानं त्याला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून हॉर्न वाजवायला दिला. पोरानं आ केला आणि बाईंनी दोन थेंब टाकले.

दुपारी दोन वाजता तो हेड घेऊनच आला. बूट लाल मातीनं भरलेले. जेवून आम्ही जोडायला बसलो. गुलाबी ठिपके खुणांसमोर आणून चेन मी चढवली, तो फक्त बघत होता; टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्याची फट तेवढी त्यानं लावली. प्लग लावायची वेळ आली तेव्हा त्यानं हात पुढं करून नळी मागितली. दोनदा सटकली, तिसऱ्यांदा प्लग हातानं शेवटपर्यंत गेला.

गाडी सुरू झाली. मला एवढा आनंद झाला की मी सासऱ्यांना हाक मारली. पण नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला.

"टॅपेट वाजतोय. खोल परत."

"चालतीय की!"

"चालतीय म्हंजे बरोबर हाय असं न्हाई. ट्रकच्या हिशेबानं फट ठेवली मी. स्कूटीला किती लागती?"

मला पाठ नव्हतं. गाडीच्या डिकीतली पुस्तिका काढून मी आकडा वाचला, त्यानं त्या जाडीची पत्र्याची पट्टी घालून फट मोजून लावली, आणि आम्ही परत सगळं बसवलं. या खेपेला आवाज गेला. सासरे तोवर काठी टेकत दारापर्यंत आले होते. त्यांनी विचारलं, "झाली का?" आणि उत्तराची वाट न बघता परत गेले.

ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. ती गाडी अजून दुरुस्तीला आमच्याकडंच येते.

त्यानंतर आम्ही बसून काही ठरवलं असं नाही. पण हळूहळू दोन चाकांच्या गाड्या माझ्याकडं राहिल्या. तो औषध मारायचे पंप, गवत कापायची मशीन, कुणाचं डिझेल इंजिन असलं बघायला लागला. त्याची माणसं वेगळी, माझी वेगळी. इंजिन उघडायचं असलं तर तो शेजारी येऊन बसतो. मी अजून चेनीच्या खुणा जुळवताना, टायमिंगच्या वेळी त्याला विचारते, येत असलं तरी विचारते. फळीवरचे माझे पाने मी काढून घेतले आणि परत डब्यांत ठेवले. फळीवर तेवढे काळे आकार नुसतेच राहिलेत.

मागच्या महिन्यात पलूसला कॉलेजात शिकवणारी एक मुलगी बॅटरीवरची स्कूटी घेऊन आली. गाडी चार्ज होत नव्हती. आम्ही दोघांनी सीटखालचं झाकण उघडलं. आत केशरी वायरी, काळे डबे, न कळणाऱ्या भाषेतली अक्षरं. दोघंही जरा वेळ वाकून बघत राहिलो.

"तुला काय कळतंय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. तुमाला?"

"न्हाई."

मी झाकण लावलं. मुलीला कंपनीच्या सेंटरला जायला सांगितलं, आणि मागचा ब्रेक घासत होता तेवढा नीट करून दिला. ती गेल्यावर त्यानं फोन काढला, खुर्ची माझ्याजवळ ओढली, आणि बॅटरीच्या गाड्या कशा चालतात त्याचा एक व्हिडिओ लावला. निम्म्यात त्याला झोप लागली. मी पुढचा बघितला.