नळ मागच्या वाट्यात

लग्न न करता एका घरात राहिलेली दोन माणसे वेगळी होतात, तेव्हा त्या घराचे वाटे कोणी पाडावेत आणि आधी कोणी उचलावा? हा प्रश्न मी हाती घेतला तेव्हा उत्तर आपल्याला ठाऊकच आहे अशी माझी समजूत होती. गणिताच्या शिक्षकांना ही खोड असते.

आमचे घर वरवंडला, हायवेला लागून होते. पुढे रस्त्याकडे तोंड असलेली मोठी खोली. मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि बोळात उघडणारे दार. मी गावातल्या हायस्कूलमध्ये शिकवत होते, तो भांडगावकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. खरेदीखतावर दोघांची नावे होती. हिस्से लिहिलेले नव्हते. लग्न करायचे नाही, हे आम्ही मिळून ठरवले होते. सात वर्षांनी एकत्र राहायचे नाही, हेही मिळूनच ठरले. त्यानंतर मात्र मिळून काहीच ठरेना.

घर विकायला दोघांचीही तयारी नव्हती. त्याचे कारण त्याला ठाऊक. माझे असे, की मला दुसरीकडे खोली मिळाली नसती. एकट्या बाईला खोली देताना लोक पूर्वीची माहिती विचारतात, आणि माझी माहिती सगळ्या गावाला पाठ होती. त्या घराचा निम्मा भाग, एवढाच माझा निवारा होता.

तीन महिने आम्ही एका छताखाली दोन कुलपे लावून राहिलो. तो तपासायच्या वह्यांवर ओला टॉवेल टाकायचा. मी त्याची पहिली पाळी असली की घड्याळ दहा मिनिटे मागे करून ठेवत असे. शेवटी दौंडच्या रेल्वेतून निवृत्त होऊन गावी आलेल्या शेजारच्या आप्पांना मध्ये घातले.

"भावाभावांत रीत हाय," आप्पा म्हणाले. "थोरल्यानं वाटं पाडायचं, धाकट्यानं आधी उचलायचं. मंग थोरला खोट करत न्हाई. आता तुमच्यात थोरलं कोण, त्येच कळंना."

"मी. आठ महिन्यांनी," मी सांगितले.

"आठ महिनं कशाला, आप्पा? सात वर्सं बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलंय. थोरलीच हाय ती."

आप्पांना हसू आले. मी टेप आणायला उठले.

मी घर आतून मोजले, भिंतींची जाडी निम्मी-निम्मी धरली. पुढची खोली मोठी भरली, म्हणून मधल्या भिंतीपासून दीड फूट पुढे खडूची रेघ ओढली. नकाशा कागदावर उतरवला; क्षेत्रफळ दोन्हीकडे सारखे आले. ते आजही कोणी मोजावे.

पण वाटे सारखे नव्हते, आणि हे मला रेघ ओढतानाच माहीत होते. घरात नळ एकच होता, तो मागे. पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकायचे, हे त्याच्या तोंडून मी सात वर्षे ऐकले होते. तो पुढचाच भाग उचलणार, याची मला खात्री होती. उद्या तो बादली घेऊन दारात येऊ नये म्हणून मी कागदावर एक कलमही घातले: कोणीही दुसऱ्याच्या वाट्यातील कोणत्याही वस्तूचा वापर मागू नये. दोघांनी सह्या केल्या.

"उचला," आप्पा त्याला म्हणाले.

"मागचा."

"आणि तुझं बूथ?" माझ्या तोंडून निघून गेले.

"बूथ? आता भाजीवाल्याच्या खिशात बी मोबाइल हाय. कुणाला फोन लावायला येणार, तुझ्या हेडमास्तरला?" त्याने कागदाची घडी केली. "मी नकाशा बघितलाच न्हाई. तू नळ कुठं ठेवला, तेवढं बघितलं."

मी आप्पांकडे पाहिले. ते चप्पल शोधत होते. "बाई, वाटं तुम्ही पाडलं," ते म्हणाले, "आन् कलम बी तुमचंच हाय."

भिंत उठली. मी आप्पांच्या घरून पाणी भरू लागले. आप्पांकडे जायला बोळ एकच, त्याच्या दारावरून. नळाला पाणी आले की तो नेमका त्याच वेळी पाइप लावून मोटारसायकल धुवायचा, आणि मी भरलेला हंडा घेऊन पुढे गेले की पाइप बंद करायचा. स्वतंत्र नळासाठी मी ग्रामपंचायतीत अर्ज केला. घराचा नंबर एकच असल्याने दुसऱ्या मालकाची सही आणा, असे सांगण्यात आले.

"देतो की," तो म्हणाला. "घाई काय हाय?"

सही त्याने दिली, उन्हाळा संपल्यावर.

रीत खोटी नव्हती. थोरल्याला कोणताही वाटा पदरात पडू शकतो, या भीतीवर ती चालते. मी ती भीती बाजूला ठेवली आणि माझ्या ओळखीच्या माणसावर हिशेब मांडला. तो माणूस केव्हाच बदलला होता. मी त्याच्याशी बोलत असते, तर ते कळले असते.

तेव्हा माझे उत्तर असे: वाटे कोणीही पाडावेत, मात्र रेघ ओढण्याआधी त्याने दोन्ही वाट्यांत एकेक दिवस स्वयंपाकपाण्यासह काढावा. हे उत्तर मी एकाच घरावरून काढले आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका; तुम्ही स्वतः ते पडताळून पाहा.