पहिला सदरा उसवतात

टीचर छत्री मिटवून पायरीवर उभी राहिली तेव्हा मी कॉलर उलटवत होतो. कॉलर उलटवताना मी कुणाशी बोलत नाही, हे कुंभकोणात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. तिला ठाऊक नव्हतं. ती बोलत राहिली.

मुलींच्या सरकारी शाळेतली ती शिवणाची टीचर. बारावीच्या मुलींनी वीस दिवस खऱ्या दुकानात काम शिकायचं, मग एक दिवस शाळेत आपण शिवलेलं कापड मांडायचं. गावातले दुकानवाले येतील, बघतील, ज्याला जी पसंत पडेल तिला काम देतील. मार्कही त्यावरच.

"पाच दुकानांनी नाही म्हटलं, अय्या." अय्या म्हणजे इकडचं 'साहेब'.

"म्हणजे मी सहावा?"

"पहिलं तुमच्याकडेच यायचं होतं. भीती वाटली."

हे मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. एक मुलगी पाठवा म्हणालो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. तमिळ तेवढंच; घरात पिढ्यांपासून मराठी. मराठी अक्षरं आमच्या विठोबाच्या मठात भजनाच्या वहीवरून गिरवली, तीच ही. तिकडच्या महाराष्ट्रातल्या माणसाला माझी भाषा जुनी वाटेल. वाटू दे. तिसरीनंतर बाप हाताला धरून दुकानात घेऊन आला आणि मशीनखाली चटईवर बसवलं. तिथून मला त्याच्या पायाखालचा मशीनचा पायटा दिसायचा, वर-खाली, वर-खाली, आणि समोरच्या कॉफी क्लबातून चिकोरीचा वास यायचा. कोळशाच्या इस्त्रीत बाप फुंकर घालायचा तेव्हा ठिणगी माझ्या मांडीवर पडायची. वर्षभर मी फक्त काज केले. चिंधीवर काज, चिंधी संपली की दुसरी चिंधी. बाप काज बघायचा, नखानं ओढायचा, तुटला तर चिंधी माझ्या डोक्यावर टाकायचा. बोलायचा नाही. आज तो पायटा मी चालवतो. त्याचं लोखंड मधोमध झिजलंय, तिथं अर्धी झीज बापाची आहे.

मुलगी सुंदरपेरुमाळ कोयिल गावाकडची. सकाळच्या पॅसेंजरनं यायची. बाप दुसऱ्याच्या पानमळ्यात मजुरी करणारा. शाळेत मोटारीच्या मशीनवर शिकलेली, त्यामुळे माझी मशीन पहिल्या दिवशी तिच्या पायाखाली उलटीच फिरली आणि दोरा तुटला.

"तात्ता, हिचं वय काय?" तमिळमध्ये तात्ता म्हणजे आजोबा.

"तुझ्या टीचरपेक्षा मोठी आहे. नमस्कार करून बस."

तिनं खरंच नमस्कार केला. मग हसली. मी हसलो नाही.

तिला काज दिले. शाळेनं एक तक्ता दिला होता, रोज काय शिकवलं ते मालकानं लिहायचं. मी लिहायचो, काज. दुसऱ्या दिवशी, काज. टीचर तक्ता बघायला आली आणि कपाळाला हात लावला.

"अय्या, अकरा दिवस काजच?"

"अकरा दिवसांत काज आला तर तुमच्या शाळेचं नशीब."

"बाकीच्या दुकानांत मुली चुडीदार शिवायला लागल्या."

"मग ते घाला, एकदा धुवा आणि मला दाखवा."

मुलगी मान खाली घालून ऐकत होती, पण सुई थांबली नव्हती. ते मी बघितलं.

बाराव्या दिवशी मी तिच्यापुढे पॉपलीन टाकलं. बापासाठी पूर्ण बाहीचा सदरा शिवायचा म्हणाली. बेतायला तिनं शाळेतला कागदाचा नमुना काढला, तो मी बाजूला ठेवला आणि बापाच्या जुन्या सदऱ्यावर वीत लावून दाखवली. आठवडाभर खपली. कॉलर दोनदा माझ्या हातून परत गेली. विसाव्या दिवशी गाडीच्या वेळेच्या थोडं आधी सदरा पुरा झाला. तिनं तो घडी घालून माझ्या पाटावर ठेवला.

"उद्या सकाळी नेते, तात्ता. उद्याच मांडायचाय."

ती गेल्यावर मी सदरा उलटा केला. टिपा बघितल्या. मग ब्लेड घेतलं आणि सगळा उसवला. कॉलर, बाह्या, खांदे, बटणपट्टी, सगळं. दोरे वेचले, तुकडे एकावर एक ठेवले, कापडाच्या काठाच्या पट्टीनं बांधले.

आमच्या घराण्यात ही रीत आहे. शिकणाऱ्याचा पहिला सदरा मालक उसवतो, आणि शिकणाऱ्यानं तो त्याच सुईच्या भोकांतून परत शिवायचा. नवं भोक दिसता कामा नये. माझा बापानं उसवला, बापाचा त्याच्या बापानं. उद्या शाळेत मांडायचाय हे मला ठाऊक होतं. पण शाळेचं शाळेपाशी, दुकानाचं दुकानापाशी, असं वाटलं. हट्टी माणूस आहे मी.

सकाळी तिनं गठ्ठा बघितला. 

"इतका वाईट झाला होता?"

 आमच्याकडे हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती गठ्ठा उचलून निघूनही गेली.

मी मशीनवर बसलो, पण पाय चालेना. माझा सदरा उसवला त्या दिवशी मी परसात जाऊन रडलो होतो. आई राख भरले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अरे वेड्या, बरा झाला म्हणून उसवला. वाईट झाला असता तर पोतेरं केलं असतं." मला सांगायला आई होती. बापाला त्याची आई असेल. या पोरीला कोण सांगणार? तिच्या घरी पानमळा. सांगायचं ते मीच.

भर सकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि काठी घेऊन शाळेत गेलो. तिसरीनंतर शाळेच्या फाटकातून आत गेलो तो हा पहिला दिवस. हॉलात टेबलं लावलेली, प्रत्येकीपुढे झगमग कपडे, आणि हिच्यापुढे तो गठ्ठा, बांधलेलाच. मोठ्या रस्त्यावरचा तयार कपड्यांचा दुकानवाला तिच्या टेबलावरून तसाच पुढे जात होता.

"थांब," मी म्हणालो. सगळा हॉल थांबला. "तो मी उसवलाय. आमच्याकडे वाईट सदरा उसवत नाहीत, त्याचं पोतेरं करतात. गठ्ठा सोड, पोरी. बाही दाखव त्यांना."

तिनं गाठ सोडली. दुकानवाल्यानं बाही खिडकीच्या उजेडात धरली. भोकांची ओळ आखल्यासारखी होती. त्यानं चष्मा वर केला, परत खाली केला.

टीचर म्हणाली, "पण अय्या, मार्क पुऱ्या कपड्याला आहेत. चार वाजता मी वही बंद करते."

"शाळेत मशीन आहे ना?"

मोटार बंद करून मुलगी हातानं चाक फिरवत शिवत गेली, भोकामागून भोक. मी शेजारच्या बाकावर बसलो. बाक माझ्या गुडघ्यांना पुरत नव्हता. हात लावला नाही. फक्त सुईत दोरा ओवायला एकदा पुढे झालो, तर डोळ्यांना भोकच सापडेना. तिनं माझ्या हातून दोरा घेतला आणि ओवला.

चार वाजले तेव्हा डावा कफ राहिला होता. टीचरनं तक्ता माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या रकान्यात मालकाचा अभिप्राय लिहायचा होता. तिसरीच्या तमिळमध्ये मी एकच शब्द लिहिला, उसवला.

"याला मी किती मार्क देऊ, अय्या?"

"आता तुम्हाला कळलंय. द्या."

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरच्या वेळेला मुलगी दुकानाच्या पायरीवर हजर. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानवाल्यानं बोलावलंय, म्हणाली, एक तारखेपासून.

"मग इथं कशाला?"

"कफ राहिलाय, तात्ता."

मी सरकून बसलो आणि पायटा तिला दिला.