दोन मडकी, एक कुंपण आणि टिप्या

पडद्यामागे बसून जेवायचं नाही, ही अट मी घरातून निघतानाच घातली होती. रस्त्याकडेच्या कुठल्याही 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'मध्ये बाई दिसली की वेटर तिला आतल्या खोलीकडे वळवतो. तिथे खिडकी नसते, पंखा कुरकुरत असतो आणि बाहेरची नदी, वारा, झाडं सगळं पुरुषांच्या वाट्याला. ज्या समाजाला बाईचं जेवण झाकावंसं वाटतं, त्याने समतेच्या गप्पा मला ऐकवू नयेत! सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "भाषण रोह्याला कर. आधी गाडी पकडू."

गाडी म्हणजे रेल्वे. बिअर प्यायची तर चारचाकी ठाण्यातच ठेवायची, हा आमचा नियम, तुम्हीही पाळा. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक आधी बघून ठेवा. जिते स्टेशन मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं आणि त्यांत हिरवेगार वाल दिसायला लागले. जानेवारीत याच वालासाठी इकडे यायचं असतं.

आधी पेणला उतरलो. गणपतीच्या कारखान्यांत या दिवसांत रंग नसतो. पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगा, डोळे अजून रंगवायचे. एक बाई पॉलिशपेपरने सोंड घासत होती. मी मोबाइल काढला तर म्हणाली, "आता नको फोटो, ताई. रंग लागू द्या."

"का हो?"

"तुमी तरी आंघोळीच्या आधी फोटो काढाल व्हय?"

आयुष्यभर व्यासपीठांवर बोलले, पण इथे मोबाइल पर्समध्ये टाकला. पोह्यांचे पापड घेतले, मिसळ खाल्ली आणि एसटीने रोहा गाठलं. लॉजवर सामान टाकून चारच्या सुमारास रिक्षा केली. परतीची रिक्षा जाताना ठरवूनच ठेवा, अंधारात तिकडे काही मिळत नाही.

कुंडलिकेच्या काठाला दिनेश आणि सुप्रिया या जोडप्याचं बार-रेस्टॉरंट आहे. पत्र्याची शेड, चार टेबलं अंगणात आणि हो, आत पडदा लावलेली खोली. "ताई, फॅमिली आत हाय," दिनेश म्हणाला.

"मी बाहेरच फॅमिली आहे," म्हणत मी नदीकडची खुर्ची ओढली. सुप्रिया स्वयंपाकघराच्या दारातून खुदकन हसली.

आम्ही आदल्या दिवशी फोनवर पोपटी सांगून ठेवली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेलं चिकन, अंडी; तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला ठासायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही नाही. भाव मडक्यावर असतो, माणसांवर नाही. म्हणून चौघं-पाचजण जा.

पण जाळात आज दोन मडकी होती. दुसऱ्यात नुसत्या शेंगा, रताळी, वांगी.

"ते माझ्या सासऱ्यांचं," सुप्रिया हळूच म्हणाली. "तात्या माळकरी हायत. दारूचा परवाना आला तेव्हापासून हिकडं पाणीसुद्धा प्यायले नायत. बापलेकाचं बोलणंच बंद. यंदा वाल त्यांच्या शेतातले, म्हणून कसंबसं व्हय म्हणाले."

तात्या आले होते, पण तारेच्या कुंपणापलीकडे, शेताच्या बांधावर बसले होते. मला राहवेना. कुंपणाशी जाऊन म्हटलं, "तात्या, आत या की. मी बाई असून उघड्यावर बसलेय!"

"तुमचं बरं हाय, बाई. तुमच्या गल्यात माळ नाय."

परत येते तर जाळापाशी नवरा-बायकोची जुंपलेली. जाळ विझला होता, दोन मडकी शेजारी शेजारी, दोन्ही काळीठिक्कर. तात्यांच्या मडक्याला दिनेशने चुन्याचं बोट लावलं होतं, ते काजळीत गडप झालेलं.

"डावीकडचं तात्यांचं. आपलं ठरलंच होतं तसं!" दिनेश म्हणाला.

"माझ्या डावीकडचं! मी कुंपणाकडं तोंड करून उभी होते."

"आन मी शेडकडं!"

म्हणजे दोघांनाही पक्कं आठवत होतं, आणि दोघांची डावी बाजू वेगळी होती. चुकीचं मडकं तात्यांपुढे पालथं झालं असतं तर ते पुन्हा बांधापर्यंतही आले नसते. दिनेशचा चेहरा उतरला. बांधावर तात्या उठून धोतर झटकत होते.

तेवढ्यात कुंपणाखालून त्यांचा कुत्रा, टिप्या, घुसला. नाक वर करून त्याने दोन्ही मडक्यांभोवती एक फेरी मारली आणि रस्त्याकडच्या मडक्यासमोर शेपूट हलवत बसला. दिनेशने त्याला ओढून दुसऱ्यापाशी नेलं. तो उठून परत तिथेच!

"सोड त्याला," तात्या ओरडले. "माज्या घरात तेवढाच एक मटनवाला उरलाय. त्याचं खोटं नाय व्हायचं. पन याला ही चव लागली कुठं?"

दिनेश खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरातलं एक गिऱ्हाईक रोज हाय माज्याकडं, तात्या."

"आन मला वाटायचं, हा रातचा राखण करतो!"

तात्या हसले ते खोकला येईपर्यंत. तिकडे सुप्रियाने डोळ्यांना पदर लावला. धुरामुळे असेल.

नदीकडचं मडकं दिनेशने स्वतः उचलून बांधावर नेलं, केळीच्या पानावर पालथं केलं. हिरव्या वाफेतून शेंगा, रताळी, वांगी घरंगळली. दुसरं काही नाही. तात्यांनी एक शेंग सोलून तोंडात टाकली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले आणि दुसरी उचलली.

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. बिअरचे ग्लास टेबलावरच ठेवून आम्ही निघालो. दिनेशने तार वर धरली आणि मी, भल्याभल्यांपुढे न वाकलेली बाई, साडी सावरत तिच्याखालून वाकून बांधावर गेले. आमचं मडकं चार हात लांब उघडलं. टिप्याला त्याचा मान मिळाला. तात्या आत आले नाहीत. पंगत मात्र एकच झाली. त्यांना त्यांच्या माळेसकट आत ओढायला निघालेली मी, त्यांच्या बांधावर मांडी घालून वाल सोलत होते, आणि मला त्यात कुठेही हार दिसली नाही.

घरी आल्यावर पापड तळले, फोटो पाहून झाले. साडीला भांबुर्डीचा वास होता, दोन धुण्यांनंतर तोही गेला. परवा मैत्रिणींसाठी पोपटी सांगायला सुप्रियाला फोन केला.

"तात्यांना विचारून सांगते. मडकी आता बांधावर तेच लावतात. डावं-उजवं बोलायची बंदी हाय. नदीकडचं आन रस्त्याकडचं, एवढंच."

"आणि आत येतात का?"

"नाय गो बाई. पन बांधाकडची तार काढायला लावली त्यांनी. म्हणाले, बायामाणसांना वाकायला लागतं."

तार गेली. खोलीवरचा पडदा अजून आहे. या खेपेला माझ्यासोबत सहा बायका आहेत, आणि आम्ही सगळ्या बाहेर बसणार आहोत.