पेटीशेजारी सोडवलेला पेपर

चार पोरं आणि पावाची भट्टी सांभाळत ल्योनिसा कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. परीक्षा रविवारवर आली, तरी एकही सराव पेपर तिचा एका बैठकीत पुरा झाला नव्हता. अर्धा प्रश्न वाचला की घरात कुणीतरी हाक मारायचंच.

त्यातच शेजारचे टियो गोरियो, म्हणजे गोरियोकाका, वारले. दफन होईपर्यंत घरात ठेवलेल्या शवपेटीजवळ कुणीतरी बसायला हवं, म्हणून दुपारची पाळी ल्योनिसाने मागून घेतली. पोरं अंगणातल्या मांडवात बिस्किटं खात, सांत्वनाला आलेल्यांचा पत्त्यांचा डाव बघत बसली. तिने हळूच पिशवीतून पेपर काढला.

शेवटचे काही प्रश्न उरले असताना टियोंची बायको, टिया कोरिंग, समोर येऊन उभी राहिली. ल्योनिसा शरमून उठू लागली.

"बस गं. जन्मभर या माणसाने कुणाला बोलणं पुरं करू दिलं नाही. आता गप्प पडलाय, तर तू तुझं उरकून घे."

तेवढ्यात धाकटी "नानाय, नानाय" करत आईला शोधत धावत आली. टिया कोरिंगने तिला दारातच उचलून कडेवर घेतलं.

"आई टियोंशी बोलतेय. मध्ये तोंड घालू नये."

ल्योनिसाने शेवटचं उत्तर लिहिलं आणि टियोंकडे बघत छातीवर क्रूसाची खूण केली.