कोरडलावा

पक्षी बघायला निघालेल्या माणसांना दर वेळी पक्षी दिसतोच असं नाही. किस्सा मात्र हमखास मिळतो! २०१३च्या आसपास आम्ही पाच मराठी माणसं रविवारी सकाळी बिशानच्या पार्कमध्ये भेटू लागलो. तेव्हापासूनचे निम्मे किस्से एकाच पक्ष्याचे आहेत. आणि तो सिंगापूरमध्ये नाहीच!

*

तो आणला चीफनी. चीफ म्हणजे सावंत, मालवणचे, जहाजावर चीफ इंजिनियर. एकदा दक्षिण चिलीच्या एका बंदरात त्यांचं जहाज तीन आठवडे अडकलं होतं. पलीकडे उजाड माळ, थंडगार वारा, पाऊस नावाला.

"तिथे तितरासारखा एक पक्षी आहे. जमिनीवरच राहतो. आणि पाणी जवळजवळ पीतच नाही!"

"मग काय, कोक पितो?" मेधाने विचारलं. ती इथल्या शाळेत शिकवते, पुराव्याशिवाय मार्क देत नाही.

"पानं खातो. रसाळ, जाड पानं. तेच त्याचं पाणी."

सगळे हसले. माझी बायको सुलभा तेवढी हसली नाही. तिने चहाचा कप खाली ठेवला. "चीफ, परत सांगा."

*

इंग्रजीत तो सीडस्नाइप. सीड म्हणजे बी आणि स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. आमच्यातला पाचवा, निखिल, म्हणाला, "मग 'बी खाणारा पाणलावा' म्हणू."

"जो पाणी पीत नाही त्याच्या नावात पाणी?" सुलभा म्हणाली. "कोरडलावा म्हणा."

झालं बारसं!

मेधाने घरी जाऊन वाचलं. पुढच्या रविवारी आली ती पुरावा घेऊन. हा दिसतो तितरासारखा, पण मूळ घराणं चिखलात चोच खुपसणाऱ्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं. कधीकाळी कोरड्या माळावर गेला आणि तिथलाच झाला.

"म्हणजे पीआर मिळाला त्याला!" निखिल म्हणाला. इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी त्याचा स्वतःचा अर्ज तेव्हा दुसऱ्यांदा नामंजूर झाला होता.

*

निखिल चांगी बिझनेस पार्कमध्ये सर्व्हर सांभाळतो. बाहेर घामाच्या धारा, आत जॅकेट. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं.

चीफ म्हणाले, "कोरडलाव्याच्या नाकपुड्यांवर पातळ पडदा असतो. कितीही धूळ उडू दे, आत जात नाही."

निखिलने नाक चाचपलं. "आमच्या एचआरला सांगा की!"

*

सगळ्यात थोर गोष्ट चीफनी शेवटी काढली. मादी अंड्यांवर बसलेली असते. उघड्या माळावर, आडोसा नाही. धोका दिसला की उठते, पण उठता उठता पायाने माती लोटून अंडी झाकते, मगच जाते.

"कशी?" सुलभाने विचारलं.

चीफ पार्कच्या वाटेवर उकिडवे बसले आणि पाय मागे झाडू लागले. एक बूट उडाला! शेजारी ताई-ची करणारे एक चिनी आजोबा थांबले, नीट बघितलं आणि तसेच बसून पाय झाडू लागले. "Good for knee, lah?"

सुलभा हसून हसून बाकावर आडवी झाली. मग म्हणाली, "आपण सगळे जाऊ या बघायला."

*

आम्ही चौघं गेलो. सुलभा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

मी आधी नाहीच म्हणत होतो. ऑफिसची, व्हिसाची कारणं देऊन झाली. शेवटी मेधाने सरळ विचारलं, "प्रकाशदादा, खरं काय ते सांगा."

"घर बंद करता येत नाही. सुलभाच्या हातचं विरजण चालू आहे. रोज लावतो. पंधरा दिवसांत मरेल."

कोणी हसलं नाही. निखिलसुद्धा.

"आमच्या घरी द्या," मेधा म्हणाली. "सासूबाई रोज लावतील."

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी दिलं नाही. शेवटी तिच्या सासूबाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, "निर्धास्त जा." मी दोनदा सांगितलं, "आंबू देऊ नका."

*

माळावर वारा इतका की उभं राहवेना. चीफनी हात वर केला. दहा पावलांवरचा एक दगड हलला. तो दगड नव्हता.

ती उठली. दोन-तीन वेळा पाय झाडले आणि दुडुदुडु निघून गेली. माझी नजर त्या जागेवरून हटली नव्हती, तरी तिथे मातीशिवाय काही दिसेना.

"बॅकअप घेऊन लॉगआउट," निखिल पुटपुटला.

आम्ही बरेच मागे सरलो. थोड्या वेळाने ती परत आली आणि नेमकी तिथेच बसली. मेधा डोळे पुसत होती. वाऱ्याने, म्हणाली.

*

गाडीत चीफनी विचारलं, "प्रकाशराव, गप्प का?" तेव्हा मी त्यांना हा किस्सा सांगितला.

सुलभाला न्यायला अँब्युलन्स आली ती दुपारी. तिला श्वास पुरत नव्हता. स्ट्रेचर दारात. ती उठली, भिंत धरत धरत स्वयंपाकघराकडे निघाली.

"Auntie, where you going? Faster, lah!"

तिने एक बोट वर केलं. ओट्यावर कोमट दूध होतं. त्यात चमचाभर विरजण घातलं, ढवळलं, वर ताटली ठेवली. मग येऊन स्ट्रेचरवर आडवी झाली.

लिफ्टमध्ये मास्क बाजूला करून मला म्हणाली, "अहो, भांडं हलवू नका हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा घरी आलो. ताटली उचलली.

दही लागलं होतं.