विजयमाला सिस्टरचं स्टूल

विजयमाला सिस्टर ज्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली, तो माणूस गेलाच म्हणून समजा, अशी आवई गल्लीतल्या सारजाबाईनं उठवली. उठवली तीही नळावर, त्यामुळे दुपारचा मिलचा भोंगा व्हायच्या आत ती विड्या वळणाऱ्या बायकांपर्यंत पोचलीसुद्धा. एकीनं तर घरी आलेल्या सिस्टरला बसायला पाटच दिला नाही. उभ्या उभ्याच चहा पाजला.

खरी गोष्ट उलटी होती. सिस्टर बसली म्हणून कुणी जात नव्हतं. जाणार हे ठरल्यावरच सिस्टर बसायची. आणि हे बसणं तिला दवाखान्यातल्या थोरल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्यांनी दर गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू केली. विषय एकच : रोग हाताबाहेर गेला, की रोग्याला ते कसं सांगावं. तोवरची रीत अशी, की डॉक्टर नातेवाइकाला व्हरांड्यात नेणार, खांद्यावर हात ठेवून खरं सांगणार, आणि रोग्याला "सूज आहे, उतरेल" म्हणून पुढच्या खाटेकडे सटकणार.

"उभ्यानं सांगू नका," थोरले डॉक्टर म्हणायचे. "स्टूल घ्या, बसा. त्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारा. मग सांगा, आणि गप्प राहा."

तरुण डॉक्टर माना डोलवायचे आणि शिकवणी सुटली की परत व्हरांड्यात. मन लावून शिकली ती एकटी विजयमाला. सरावासाठी तिनं शेजारच्या धोंडीरामला समोर बसवून इतकं मायेनं समजावलं, की तो गडी रात्री जेवलाच नाही. सकाळी त्याची बायको रडत दारात. त्याला साधा खोकला होता.

वॉर्डानं मात्र स्टुलाचा अर्थ आपल्या परीनं लावला. सिस्टरचा हात स्टुलाला लागला, की खाटांवरची माणसं डोळे मिटून घ्यायची. एका म्हातारीनं हात जोडले, "माय, काय बोलायचं ते उभ्यानं बोल."

अशात तिचा धाकटा भाऊ जोतीराम दाखल झाला. मिलमधला कामगार, पोटात कॅन्सर, पार पसरलेला. व्हरांड्यात त्याच्या बायकोला, केराबाईला, सांगून झालं. त्याला काही सांगायचं नाही, अशी तिनं सगळ्यांना शपथ घातली. जोतीरामला सांगितलं, पथ्य पाळ, बरा होशील. तो पाळायचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय ज्याला जेवल्यासारखं वाटायचं नाही, तो निमूट पेज प्यायचा आणि केराबाईला म्हणायचा, "चटणी कुटून ठेव. घरी आलो की पयला घास त्योच."

घरी तो जाणार नव्हता. अजून घास गिळता येत होता, पण थोड्याच दिवसांत तेही बंद होणार, हे सिस्टरला दिसत होतं. खरं कळलं, तर निदान मनाजोगते दोन घास खाऊन तो गेला असता.

एका दुपारी केराबाई घरी गेल्यावर सिस्टर चटणीची पुडी घेऊन आली आणि तिनं स्टूल ओढलं. जोतीरामनं आधी स्टुलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आक्का, बसू नगंस."

"का रं? पाय दुखत्यात माजे."

"दुखू देत. उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. "जोत्या, चटणी आणलीया. जराशी खातोस?"

"सिस्टर हायस न्हवं? आन पथ्य मोडायला सांगतीस व्हय?" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "आक्का, बरा व्हईन की न्हाई मी?"

शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं.

"व्हशील की," ती म्हणाली.

त्यानं भिंतीकडं कूस वळवली. पुडी तिनं परत नेली. पुढं पेजही उतरेना, आणि तो गेला. सारजाबाई नळावर म्हणाली, "सख्ख्या भावापाशीबी बसली वाटतं." तो बोल सिस्टरनं ऐकला, घागर उचलली आणि चालू लागली.

नंतर दवाखान्यात नवे डॉक्टर आले. थोरल्या डॉक्टरांनी गुरुवारी त्यांच्यापुढं विजयमालाला उभं केलं. भावाच्या खाटेशी काय झालं ते थोरल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

"सिस्टर, सख्ख्या भावाशी तुम्ही खरं बोललात. या मुलांना मी काय शिकवू, तुम्हीच सांगा."

विजयमाला म्हणाली, "खोटं बोलायलाच नीट शिकवा, साहेब. मला तेही आलं नाही."